खुटबावकरांसाठी योगाची सुरुवात

पुण्याहून रेल्वेने खुटबावला येताना वाटेत उरुळी कांचन लागते. तिथे १९४६ साली महात्मा गांधींनी निसर्गोपचार केंद्र सुरू केले आणि मणिभाई देसाईंनी ते वाढवले. आज तिथल्या आश्रमात योगही शिकवतात.

नवशिक्याला मात्र मला बी. के. एस. अय्यंगारांची रीत अधिक जवळची वाटते. १९३७ साली पुण्यात आलेल्या अय्यंगारांनी पट्टा, ठोकळा, खुर्ची यांचा आधार घेऊन आसने शिकवली. उसात दिवसभर वाकून आखडलेली कंबर एकदम जमिनीपर्यंत वाकत नाही. ओढूनताणून वाकूही नये. गुडघे किंचित सैल सोडून हात खुर्चीवर टेकवावेत, श्वास रोखू नये. पोट रिकामे हवे. आधी ताडासन, शेवटी शवासन. शीर्षासन शिक्षकाविना नकोच. रक्तदाबाचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे.