गोळी कोणती, हे खिसा ठरवतो

फिट आली की नाकाशी चप्पल धरू नका, भगताकडे जाऊ नका, दवाखान्यात न्या, असे आम्ही वस्तीवस्तीत सांगत आलो. आता पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. दवाखान्यात आमच्या लेकीबाळींना गोळी कोणती मिळते?

सोडियम व्हॅल्प्रोएट हे अपस्मारावरचे जुने, गुणकारी औषध. पण गरोदरपणी ते चालू असेल तर दहापैकी सुमारे एका बाळात जन्मतः व्यंग आढळते आणि शंभरातल्या तीस-चाळीस मुलांची बोलण्याशिकण्याची वाढ मागे पडते. पाठीच्या कण्याचे व्यंग तर पहिल्या महिनाभरातच घडते. पाळी चुकल्याचे कळेपर्यंत वेळ गेलेली असते. म्हणूनच ब्रिटनने २०१८ साली गर्भनिरोधाची पक्की सोय असल्याशिवाय मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांना हे औषध देण्यावर बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये अशा स्त्रियांसाठी लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासेटम सुचवले.

मेंदुरोगतज्ज्ञाला हे ठाऊक असते. पण तज्ज्ञ शहरात बसतो. ऐपतवाल्याची मुलगी लग्नाआधीच त्याच्याकडून गोळी बदलून घेते. ऊसतोडणीला जाणाऱ्या बाईचे काय? सहा महिने ती या फडातून त्या फडात. केंद्राच्या कपाटात असेल ती गोळी, संपली की जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून तीच. मूल हवे आहे का, हे तिला कोण विचारतो? फॉलिक ॲसिडसारखी स्वस्त गोळीसुद्धा दिवस गेल्यावर हाती पडते. ती आधीपासून हवी.

त्यात दुखणे लपवून लग्न लावण्याची रीत! हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर १९९९ साली निघाला, सासरच्या मनातून निघालेला नाही. मग सून गोळी चोरून खाते, नाहीतर सोडून देते. अचानक सोडलेली गोळी जीवही घेऊ शकते. तेव्हा हा लेख वाचून कोणीही औषध बंद करू नये. बदल डॉक्टरांनीच, हळूहळू करायचा असतो.

केरळात, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत, १९९८ पासून अपस्मार असलेल्या गरोदर स्त्रियांची नोंद ठेवली जाते. म्हणजे हे काम आपल्या देशात होऊ शकते. पर्यायी गोळ्या प्राथमिक केंद्रापर्यंत कायम मिळाल्या पाहिजेत, ही मागणी जिल्हा परिषदेत कार्यकर्त्यांनी लावून धरावी. आणि चौदा एप्रिलच्या शिबिरात साखर, रक्तदाब तपासतोच आपण. त्याच टेबलावर विचारावे, ताई, फिटची गोळी चालू आहे का? पाकिटावर नाव काय आहे?