चाकांवरचं घर (भाग ७) : दाराबाहेरची सावली

मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघते, देऊळगाव राजावरून जालन्यात येते आणि अंबडमार्गे गेवराई-बीडकडे जाते. पंढरपूरपर्यंतची ही वाट पाचशे किलोमीटरांहून जास्त आहे. वारकरी पायी असतात. वळकट्या, भांडी, धान्य घेतलेला दिंडीचा ट्रक पुढे मुक्कामावर पोचतो. ट्रक थांबला की दोघं-तिघं खाली उतरतात. ताडपत्रीची एक कड ट्रकच्या बाजूच्या हुकांना बांधतात, दुसरी कड बांबूंवर उचलून धरतात, दोर ताणून मेखा ठोकतात. चहाचं आधण ठेवेपर्यंत पाल उभं राहिलेलं असतं. चूल मात्र पालाखाली कधीच मांडत नाहीत, ती वाऱ्याच्या खालच्या अंगाला चार हात लांब असते.

फिरत्या घराच्या कंपन्या ज्याला ऑनिंग म्हणतात ती हीच वस्तू. मी तिला छपरी म्हणतो. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केल्यापासून आपल्याकडेही गाडीचं घर करण्याची विचारणा वाढली, आणि मला सर्वाधिक प्रश्न येतात ते छपरीविषयी. कुठली घेऊ, कितीची घेऊ? मी उलटा प्रश्न विचारतो : दुपारी गाडी कुठल्या तोंडाने उभी करणार?

हे ठरल्याशिवाय छपरी निवडताच येत नाही. जालना साधारण १९.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून मेच्या १९-२० तारखेच्या सुमारास इथे सूर्य बरोबर माथ्यावर येतो, आणि तोही घड्याळात बाराला नाही, तर साडेबाराच्या जरा आधी. त्या वेळी छपरीची सावली नेमकी छपरीखाली पडते, कुठलीही छपरी चालते. खरा प्रश्न पुढच्या चार तासांचा आहे. साडेचारच्या सुमारास सूर्य पश्चिमेला क्षितिजापासून तेहतीस-चौतीस अंशांवर उतरलेला असतो. तुमची छपरी पश्चिमेकडे उघडत असेल आणि तिची बाहेरची कड सात फुटांवर असेल, तर ऊन त्या कडेखालून आत दहा फूट शिरतं. छपरी पुढे येते आठ फूट. म्हणजे चाळीस हजारांची छपरी डोक्यावर असताना तुम्ही पूर्ण उन्हात बसलेले असता आणि गाडीचा पत्रा पाठीमागून तापत असतो.

आता गाडी फिरवा. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे दार डावीकडे आणि छपरीही डावीकडेच. गाडीचं नाक दक्षिणेला केलं की डावी बाजू पूर्वेला येते. नऊ फूट उंचीची गाडी साडेचारला पूर्वेकडे तेरा-चौदा फुटांची सावली स्वतःच टाकते. छपरी त्या सावलीत भर घालते आणि तापलेल्या आकाशाची झळ अडवते. सकाळचा मुक्काम असेल तर नेमकं उलट, नाक उत्तरेला. एवढंच लक्षात ठेवून मी एका उन्हाळ्यात परतूर-मंठ्याच्या माळावर साध्या ताडपत्रीखाली दुपारी काढल्या आहेत. पावसाळ्यातही हा हिशेब कामी येतो. आपल्याकडे पावसाळी वारा बहुतेक पश्चिम-नैर्ऋत्येचा, म्हणजे पूर्वेकडे उघडणाऱ्या छपरीला गाडीचाच आडोसा मिळतो.

वळवाच्या पावसाला मात्र दिशा नसते. माझी पहिली छपरी त्यानेच गेली. मे महिना, गोदाकाठी शहागडच्या अलीकडे मुक्काम. संध्याकाळी ढग काळे झाले तेव्हा मी म्हणालो, चहा होऊ दे, मग गुंडाळू. पाच मिनिटांत वावटळ आली, छपरी पायांसकट उचलली गेली आणि टपावरून पलीकडे पडली. बसवणाऱ्याने बोल्ट नुसत्या पत्र्यात घेतले होते, ते पत्रा फाडून बाहेर आले. पण दोष माझाही होता, मला वाऱ्याचं गणित ठाऊक नव्हतं.

ते गणित सांगतो. दहा फूट लांब, आठ फूट पुढे येणारी छपरी म्हणजे साधारण साडेसात चौरस मीटर कापड. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्याचा त्यावर ढोबळमानाने तीसेक किलोचा जोर येतो. वारा ६० झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो : सव्वाशे किलो. पाण्याचंही तसंच. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरमागे एक लिटर पाणी. वीस मिलिमीटरची एक जोराची सर छपरीच्या पोटात साचली तर दीडशे किलो होतात. म्हणून पाऊस दिसला की बाहेरच्या दोन पायांतला एक पाय दोन वीत खाली घ्यायचा, म्हणजे पाणी एका कोपऱ्याने वाहून जातं. वाऱ्याला असा उपाय नाही. धूळ उठताना दिसली की छपरी आत.

आता प्रकार. पेटीत गुंडाळली जाणारी छपरी युरोपातून आली. इटलीची फियामा, स्वीडनची थुले ही त्यातली मोठी नावं. हातदांड्याने फिरवली की दोन मिनिटांत उघडते, मिटल्यावर धूळ लागत नाही. पण तीन मीटरची पेटी वीसेक किलोंची असते आणि ती आयुष्यभर एकाच बाजूला लटकून खड्डे खाते. दुसरा प्रकार चॅनलचा : गाडीच्या कडेला अॅल्युमिनियमची चॅनल, कापडाच्या गोठात दोरी शिवून ती कड चॅनलमध्ये ओवायची, पुढे दोन काठ्या. उभारायला दहा मिनिटं लागतात, पण फाटलं तर रिक्षाचे हूड शिवणारा कुठलाही कारागीर दुसरं शिवून देतो. तिसरा प्रकार दिंडीचा. नवख्याने आधी एक हंगाम ताडपत्रीवर काढावा, मग दुसरा प्रकार घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षातून शंभर रात्री बाहेर काढणार असाल तरच पेटी.

कापड घेताना जीएसएम विचारा, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. अडीचशे जीएसएमची प्लॅस्टिक ताडपत्री आपल्या मापाला दोन किलोंच्या आत बसते, पण आपल्या उन्हात लवकर ठिसूळ होते. पीव्हीसीचा थर दिलेलं पाचशे-सहाशेचं कापड चार किलोंच्या आसपास जातं आणि बरंच जास्त टिकतं. सुती कॅनव्हासची सावली सगळ्यांत थंड. भिजल्यावर त्याचे धागे फुगून पाणी अडवतात, पण ओलं असताना आतून बोट लावलं की तिथून ठिबकायला लागतं. रंग वरून पांढरा किंवा चंदेरी घ्या. निळ्या ताडपत्रीखाली जेवणाऱ्यांचे चेहरेही निळे दिसतात.

बसवणी हा जिवाचा भाग. गाडीच्या आतलं अस्तर काढून खांब कुठे आहेत ते आधी शोधा. बोल्ट खांबात किंवा आतून जाड पट्टी देऊनच घ्या, पत्र्यात नको. भोक पाडल्यावर त्याच्या कडेला झिंक प्रायमर लावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज पसरतो. वर पॉलियुरेथेन सीलंट आणि खाली नायलॉनचं कडं असलेलं नट, म्हणजे खड्ड्यांनी ढिलं होत नाही. उंची मोजताना गाडी भरलेली हवी, कारण पाण्याची टाकी भरली की गाडी बसते. पेटी धरून गाडीची एकूण रुंदी २.६ मीटरच्या आत राहिली पाहिजे. गाडीत बदल करण्याविषयी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यामुळे काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

मेखांसाठी जालन्यासारखं गाव नाही. इथल्या मिलमधून सळई राज्यभर जाते, तिचे तुकडे भंगारात मिळतात. १२ मिलिमीटरची सळई, दीड फूट, एका टोकाला वाकवलेली : मुरमाड माळावर हीच घणाने आत जाते, बाजारातली अॅल्युमिनियमची मेख वाकते. काळ्या रानात मात्र दीड फूट पुरत नाही. कोरडी असताना माती भेगाळलेली असते, ओली झाली की मेख लोण्यातून सुरी निघावी तशी निघते. तिथे अडीच फुटी मेख, डोकं गाडीपासून बाहेर झुकवून. तरी भरवसा नसेल तर खताच्या रिकाम्या गोणीत माती भरून तिला दोर बांधा.

ओलं कापड गुंडाळून ठेवलं तर त्याला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. मी आता मुक्काम हलवताना छपरी ओली असेल तर चॅनलमधून काढून मागे सैल टाकतो, आणि पहिल्या मोकळ्या जागेवर, ऊन दिसलं की गाडी थांबवून टपावर पसरतो. अर्धा तास लागतो. तेवढ्यात पोहे होतात.

पुढच्या भागात : छतावरचे सोलर पॅनल आणि रात्रीचा पंखा.