घरातला दर्या – लेखांक सातवा : ठिपका गेला, रोग राहिला

गेल्या लेखांकात खाऱ्या पाण्याच्या टाकीची लवणता, उष्णमान आणि गाळणी यांची व्यवस्था कशी राखावी याचे विवेचन केले होते. ती सर्व व्यवस्था यथास्थित असूनही एखाद्या सकाळी माशाच्या परांवर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसू लागले, तो दगडाला अंग घासू लागला आणि टाकलेल्या अन्नाकडे ढुंकूनही पाहीनासा झाला, तर काय करावे, हा या आठवड्याचा विषय आहे. बहुतेक हौशी मंडळी अशा वेळी दुकानाकडे धाव घेतात आणि दुकानदार जी बाटली हाती देईल ती टाकीत ओततात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. रोगाची ओळख पटण्यापूर्वी पाण्यात औषधाचा एक थेंबही पडता कामा नये; कारण खाऱ्या पाण्यातील माशांना सर्वाधिक मारणारे दोन परोपजीवी नुसत्या डोळ्यांना जवळजवळ सारखे दिसतात आणि त्यांतील एकावर जो इलाज रामबाण ठरतो तो दुसऱ्यावर सर्वस्वी निष्फळ होतो.

रत्नागिरीच्या वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. झाडगाव येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८ साली स्थापन झाले, पुढे कोकण कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली आले, आणि त्याच्या मत्स्यालयात काचेआडचा समुद्र पाहून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या झाल्या असतील कोण जाणे. शिरगावचे मत्स्य महाविद्यालयही १९८१ पासून याच गावाच्या वेशीवर उभे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली माशाचे कल्ले तपासण्याची विद्या जेथे नित्य शिकविली जाते, त्या गावात घरच्या टाकीतील माशांवर ऐकीव माहितीच्या भरवशावर उपचार व्हावेत, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

पहिला रोग म्हणजे सागरी श्वेतबिंदू. त्याचा कर्ता क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा पक्ष्माभिकाधारी एकपेशीय प्राणी असून जपानमध्ये सिकामा यांनी त्याचे वर्णन १९३७ च्या सुमारास केले, आणि ज्या १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय जनतेसाठी खुले झाले त्याच साली ब्राउन यांनी त्याला हे शास्त्रीय नाव दिले. या प्राण्याची जीवनकहाणी विस्ताराने समजून घेतली पाहिजे, कारण उपचाराची सारी युक्ती तिच्यातच आहे. माशाच्या अंगावर जो ठिपका दिसतो तो रोगाचा केवळ एक मुक्काम होय. त्वचेच्या वरच्या थराखाली शिरून, ऊतकांवर पोसत आणि हळूहळू फिरत, हा परोपजीवी साधारणतः तीन ते सात दिवस तेथे राहतो. तेवढ्या अवधीत तो अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वाढतो आणि मग बहुधा अंधाऱ्या वेळी माशाला सोडून तळाशी उतरतो. तेथे वाळूला, दगडाला किंवा काचेला चिकटून काही तासांतच तो स्वतःभोवती कठीण कवच निर्माण करतो, आणि त्या पुटीच्या आत त्याचे विभाजन होत होत दोनशेपर्यंत सूक्ष्म पिले तयार होतात. बाहेर पडलेल्या पिलांना एक-दोन दिवसांत मासा गाठावा लागतो. पहिल्या काही तासांनंतर त्यांची माशाला ग्रासण्याची शक्ती झपाट्याने क्षीण होते. परंतु पुटी फुटण्याची मुदत मात्र अत्यंत अनिश्चित आहे. एकाच दिवशी तयार झालेल्या पुट्यांपैकी काही तीन-चार दिवसांत फुटतात, बहुसंख्य चार आठवड्यांच्या आत फुटतात, आणि एखादी ७२ दिवसांपर्यंतही वाट पाहत राहिल्याची नोंद आहे.

यावरून ध्यानात येईल की, पाचव्या-सहाव्या दिवशी माशाचे अंग स्वच्छ झाले म्हणून आनंद मानण्याइतकी घातक गफलत दुसरी नाही. ठिपके औषधाने गेले नसून आपल्या वेळेनुसार उतरले आहेत, आणि तळाशी त्यांची दोनशेपट वाढ चालू आहे. लसणाचा रस अन्नात मिसळल्याने मासे बरे झाल्याचे जे दाखले सांगितले जातात, त्यांतील बहुतेकांचे मर्म या मधल्या स्वच्छ दिवसांत आहे. लसणाने माशाची भूक वाढत असेल तर वाढो, पण त्याला या रोगावरचे औषध म्हणणे मला मान्य नाही. दुसरी फेरी येते तेव्हा ठिपके शेकड्यांनी येतात, कल्ले सुजतात, आणि चवथ्या दिवशी ज्याने औषध बंद केले त्याला औषधच खोटे वाटू लागते.

दुसरा रोग, ज्याला इंग्रजी मुलखातील हौशी लोक मखमली रोग म्हणतात, तो अॅमिलूडिनियम ओसेलेटम या कशाभिकाधारी परोपजीवीमुळे होतो. त्याचे प्रथम वर्णन याच ब्राउन यांनी १९३१ साली केले. हा शत्रू अधिक लहान, अधिक वेगवान आणि अधिक क्रूर आहे. तो प्रथम कल्ल्यांवर बसतो, त्यामुळे अंगावर काहीच दिसत नसताना मासा मरतो. त्याची एकेक पुटी २५६ पर्यंत पिले सोडते आणि आपल्याकडील उष्ण पाण्यात संपूर्ण जीवनचक्र आठवड्याभरात पुरे होऊ शकते. अशा माशाचा श्वास धापा टाकल्यासारखा चालतो, तो प्रकाश टाळतो, आणि पंपाच्या धारेसमोर तोंड करून उभा राहतो. खोलीत काळोख करून एका बाजूने विजेरीचा तिरपा झोत टाकला तर अंगावर सोनेरी-करड्या धुळीची पूड फासल्यासारखा थर चमकतो. श्वेतबिंदूचे ठिपके सुटे आणि मोजता येतील असे असतात. ही धूळ मोजता येत नाही.

तथापि डोळ्यांचा दाखला अपुरा आहे, आणि ज्याला शक्य असेल त्याने सूक्ष्मदर्शकाचा आश्रय घ्यावा. ओल्या हाताने मासा धरून, छातीच्या पराच्या मागे, डोक्याकडून शेपटीकडे, काचेच्या पातळ पट्टीची कड हलकेच ओढावी. पट्टीला आलेला श्लेष्म टाकीच्याच पाण्याच्या थेंबात ठेवावा, नळाच्या पाण्यात कदापि नाही, कारण गोड्या पाण्यात हे जीव क्षणात फुटतात आणि तपास व्यर्थ जातो. चाळीस ते शंभरपट मोठे करून पाहिले म्हणजे पुरे. श्वेतबिंदूचा परोपजीवी गोल, गडद, चहूबाजूंनी केसाळ आणि संथपणे गरगरत असलेला दिसतो; मखमलीचा पेरूच्या आकाराचा, एका टोकाने ऊतकाला मुळासारखा रोवलेला आणि निश्चल दिसतो. विदूषक माशाच्या अंगावरून पांढरट श्लेष्माचे पापुद्रे सुटत असतील तर वालाच्या दाण्यासारखा, सरपटत पोहणारा ब्रुकलिनेला आढळेल; त्याला पुटीची अवस्थाच नाही, तो माशाच्या अंगावरच दुभंगून वाढतो आणि दोन दिवसांत प्राण घेतो, म्हणून त्यावर जाणत्याच्या देखरेखीखाली फॉर्मलिनचे स्नान हाच तातडीचा उपाय. परांच्या कडांवर फुलकोबीसारखे खडबडीत पुंजके असतील तर तो परोपजीवी नसून विषाणुजन्य लिम्फोसिस्टिस होय. त्यावर औषध नाही, आणि पाणी चांगले राखल्यास तो बहुधा आपोआप ओसरतो. मेलेल्या माशाचा तपास करावयाचा असेल तर तो तासाभराच्या आत करावा.

आता उपचाराकडे वळू. श्वेतबिंदूवर कोकणच्या माणसाला सहज पटावा असा एक इलाज आहे, तो म्हणजे लवणता उतरविणे. समुद्राच्या पाण्यात दर हजारी सुमारे ३५ भाग क्षार असतात, तर माशाच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण त्याच्या जवळपास एकतृतीयांश असते. म्हणून टाकीची लवणता १५ च्या खाली, १४ पर्यंत आणली तर हाडे असलेला मासा ती सोसतो, किंबहुना आतले पाणी राखण्याचे त्याचे श्रम हलके होतात. त्याच पाण्यात परोपजीवीची पुटी मात्र आत शिरणाऱ्या पाण्याने फुगून नष्ट होते. पावसाळ्यात काजळी नदीचा लोंढा भाट्याच्या मुखाशी समुद्रात शिरतो तेव्हा खाडीतले जिताडे आणि काळुंदर याहूनही गोड्या पाण्यात सुखाने वावरतात, हे येथील मच्छीमाराला सांगावे लागत नाही. लवणता दोन दिवसांत उतरवावी, अखेरचा ठिपका गेल्यावरही निदान चार आठवडे तशीच ठेवावी, आणि परत चढविताना मात्र आठवडाभर तरी घ्यावा. १५ आणि १८ यांतील अंतर हेच यशापयशाचे अंतर असल्याने काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरवर विसंबू नये. रेफ्रॅक्टोमीटर वापरावा आणि तोही अधूनमधून पडताळून पाहावा. अशा पाण्यात गाळणीतील उपकारक जंतू मंदावतात, म्हणून अमोनियाची रोज तपासणी आवश्यक आहे. तैवानमध्ये अत्यल्प लवणतेतही तगणारे या परोपजीवीचे वाण आढळले आहेत, तेव्हा हा उपाय प्रभावी असला तरी अमोघ नाही. आणि मखमलीचा परोपजीवी तर खाडीच्या फिक्या पाण्यातही समुद्राइतकाच आनंदाने नांदतो! निदान चुकवून त्याच्यावर हा प्रयोग करणे म्हणजे मौल्यवान दिवस दवडून मासा मृत्यूच्या स्वाधीन करणे होय.

मखमलीवर, आणि श्वेतबिंदूवरही, चालणारा जुना इलाज तांब्याचा. लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम मुक्त तांबे पाण्यात असावे. याहून कमी असेल तर पिले जगतात, बरेच अधिक झाले तर मासाच दगावतो. मोरचुदात तांब्याचे प्रमाण वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा असते, म्हणजे शंभर लिटर पाण्याला ८० मिलिग्रॅमपेक्षाही किंचित कमीच मोरचूद लागतो, आणि ही मात्रा चिमटीने घालण्याजोगी नाही. सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या बागायतदारांच्या घरी मोरचूद हाताशी असतोच, परंतु तो शेतीसाठीचा माल आहे. टाकीत त्याला मज्जाव असावा, आणि प्रयोगशाळेच्या शुद्धतेचे द्रव्य मोजून विरघळवूनच वापरावे. प्रवाळाची वाळू आणि शिंपले तांबे शोषून घेतात, म्हणून उघड्या काचेच्या वेगळ्या टाकीत, दिवसातून दोनदा पाणी तपासत, तीन ते चार आठवडे ही मात्रा टिकवावी लागते. तांबे माशावरील ठिपक्याला किंवा तळाच्या पुटीला शिवत नाही, ते केवळ पोहणाऱ्या पिलांना मारते. मुदत लांबण्याचे कारण तेच. शंख, कोळंबी, झिंगे, समुद्रफुले यांना ते सर्वथा प्राणघातक आहे, आणि पाकट-मुशींनाही सोसत नाही.

औषधच नको असेल त्याच्यासाठी १९८७ साली इस्रायलमधील आयलात येथील कोलोर्नी यांनी मांडलेली पद्धत मला सर्वांत सुंदर वाटते. दर तीन दिवसांनी मासा स्वच्छ करून, संपूर्ण वाळवून नव्याने भरलेल्या दुसऱ्या टाकीत हलवावयाचा, असे चार वेळा. अंगावरून उतरलेला प्रत्येक परोपजीवी मागच्या टाकीत राहतो आणि त्याची पुटी फुटण्यापूर्वीच ती टाकी धुऊन वाळविलेली असते. येथे रोगाचे वेळापत्रकच त्याच्याविरुद्ध वापरले आहे. अर्थात ही युक्ती श्वेतबिंदूपुरतीच. मूळ टाकी मात्र त्या काळात एकाही माशाविना चालू ठेवावी लागते, आणि ७२ दिवसांची ती नोंद लक्षात घेता अकरा आठवड्यांच्या आत तिच्यात मासा सोडू नये. हा अवधी जाचक वाटतो, पण त्यात सूट देण्याची मुभा मला कोणालाही द्यावीशी वाटत नाही.

किनाऱ्यावरून पाणी भरून आणणाऱ्यांना एक सूचना. मिरकरवाडा बंदराच्या आसपास किंवा खाडीच्या मुखाशी पाणी भरू नये, पावसाळ्यात तर मुळीच नाही; आणि आणलेले पाणी झाकलेल्या पिंपात अंधारात दोन-तीन आठवडे ठेवून, वरचे निवळ तेवढेच घ्यावे. माशाशिवाय या परोपजीवींची पिले तेवढा काळ तग धरत नाहीत. नवीन मासा, मग तो मुंबईच्या बाजारातून आलेला असो की मिऱ्याच्या खडकांतल्या डबक्यातून, चार आठवडे वेगळा ठेवल्याखेरीज मुख्य टाकीत रुजू करू नये. घोडमासे आणि प्रवाळ यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते समुद्रातून काढून आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आजारी टाकीचे तांबेयुक्त पाणी गटारात, परसातल्या विहिरीजवळ किंवा खाडीत ओतू नये, आणि बरा न होणारा मासा दया म्हणून समुद्रात सोडू नये.

पुढील लेखांकात डोळ्यांवर आणि कल्ल्यांवर चिकटणाऱ्या चपट्या कृमींचा, त्यांच्या तंतुयुक्त अंड्यांचा आणि गोड्या पाण्याच्या स्नानाचा विचार करू. तोपर्यंत ज्यांच्या टाकीत आज एकही ठिपका नाही, त्यांनी प्रत्येक माशाच्या कल्ल्यांची उघडझाप मिनिटाला किती वेळा होते ते घड्याळ लावून मोजावे आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावे. आजाराच्या दिवशी तुलनेसाठी हाच आकडा लागतो.