‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे काय? : मेंदू आणि मेरुरज्जू यांची ओळख

एखाद्याचा हातपाय एकाएकी लुळा पडला की आपल्या घरांतून ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. शब्दप्रयोग जुना आहे, पण त्यापायी एक नुकसान होते. वारे अंगावरून गेले म्हटल्यावर उपचारही अंगावरच सुरू होतात. तेल गरम होते, शेक दिला जातो, मालिशवाल्याचा शोध सुरू होतो. वास्तविक त्या हाताचे हाड, स्नायू, रक्तवाहिन्या सारे जागच्या जागी असते. बिघाड झालेला असतो डोक्यात. हात आणि डोके कसे जोडलेले आहेत हे समजले, तर पहिले मोलाचे तास वाया जात नाहीत. त्यासाठी आजचा विषय.

प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम भरतो. शरीराच्या वजनात त्याचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. शिवाय त्याच्याजवळ शिल्लक काही नसते. रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर चार-पाच मिनिटांत चेतापेशी मरू लागतात, आणि कातडी जशी पुन्हा भरून येते तशा त्या येत नाहीत. म्हणूनच निसर्गाने त्याची एवढी काळजी घेतली आहे. बाहेर कवटी, आत तीन आवरणे आणि त्यांच्यामध्ये सुमारे १५० मिलिलिटर पातळ द्रव. या द्रवात मेंदू जणू तरंगत असतो.

मेंदूचे मुख्य भाग तीन. सर्वांत मोठा प्रमस्तिष्क. विचार, स्मरण, संवेदना आणि इच्छेने केलेली हालचाल ही त्याची कामे. त्याचे उजवा आणि डावा असे दोन अर्ध. हालचालीचे बहुतेक तंतू खाली उतरताना बाजू बदलतात, म्हणून डावा अर्ध उजवे अंग चालवतो आणि उजवा अर्ध डावे. बहुतेकांची भाषाही डाव्या अर्धात असते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने एका मृत रुग्णाचा मेंदू तपासला. त्या रुग्णाला समजत बरेच होते, पण तोंडातून ‘तान’ एवढाच उच्चार निघे. त्याच्या मेंदूचा डावीकडचा पुढचा भाग खराब झालेला आढळला. उजवा हात आणि वाचा पुष्कळदा एकदम का जातात, याचे उत्तर यात आहे. अशा माणसाला वेड लागलेले नसते. त्याला पुष्कळसे कळत असते, शब्द तेवढा सापडत नाही.

उजव्या अर्धाला इजा झाली तर निराळाच धोका असतो. डावा हात उचलत नसतानाही काही रुग्ण ‘मला काही झालेलं नाही’ असे ठामपणे सांगतात. स्वतःच्या अंगाची जाणीवच हरपलेली असते. अशा वेळी त्यांच्या नकारावर विसंबू नये.

दुसरा भाग अनुमस्तिष्क. तोल आणि हालचालीतला सफाईदारपणा त्याच्याकडे. एकाएकी झोक जाऊ लागला, उभे राहवेना, तर दरवेळी ते पित्तच असेल असे मानू नये. तिसरा मस्तिष्कस्तंभ. श्वास, हृदयाची गती, गिळणे यांची सूत्रे येथे आहेत. झटका आलेल्या माणसाची गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते, म्हणून त्याच्या तोंडात पाणी, चहा, औषध काहीही घालू नये. ते श्वासनळीत उतरते.

मस्तिष्कस्तंभाच्या खाली मणक्यांच्या पोकळीतून मेरुरज्जू जातो. लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. त्यातून चेतांच्या ३१ जोड्या निघतात. तव्याचा चटका बसताच हात मागे येतो तो मेरुरज्जूच्याच हुकमाने, मेंदूला वेदना कळते ती नंतर. हा रज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. शस्त्रक्रियेपूर्वी पाठीत देतात ती सुई त्याच्या खालच्या जागेत टोचतात, त्यामुळे तिची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. मात्र मानेची इजा गंभीर असते. श्वासपटलाला चालवणारी चेता मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघते. माडावरून किंवा स्कूटरवरून पडलेल्याला चौघांनी हातपाय धरून रिक्षात घातले, तर मोडलेला मणका रज्जू कापू शकतो. मान स्थिर धरावी, त्याला हलवू नये आणि १०८ ला फोन करावा.

आता वाऱ्याकडे परत येऊ. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की मधल्या पेशी लवकर मरतात. भोवतालच्या पेशी मात्र शेजारून येणाऱ्या थोड्याफार रक्तावर काही तास तग धरून असतात. धडपड करायची ती यांना वाचवण्यासाठी. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पण काही रुग्णांत वाहिनी फुटलेली असते. तेथे तेच इंजेक्शन घातक ठरेल. गुठळी की रक्तस्राव हे बाहेरून ओळखता येत नाही, सीटी स्कॅनमध्येच दिसते. म्हणून घरी अ‍ॅस्पिरिनची गोळीही देऊ नये.

तीन गोष्टी पाहाव्यात. हसायला सांगितल्यावर तोंड वाकडे होते का? दोन्ही हात वर धरल्यावर एक खाली येतो का? बोलणे अडखळते का? एक जरी आढळली तरी निघावे. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून न्यावी. थोड्या वेळात आपोआप बरे वाटले तरीही त्याच दिवशी तपासणी करावी, कारण तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. त्या वेळी साबुदाण्याएवढ्या गोळ्यांसाठी कोणी माझ्या दारात थांबू नये, सीटी स्कॅनची सोय असलेले मोठे रुग्णालय गाठावे.

पुढचे काम घरच्यांचे. मेलेल्या पेशी परतत नाहीत, पण उरलेला मेंदू सरावाने काही कामे नव्याने शिकतो. व्यायाम आणि वाचा-उपचार त्यासाठी असतात. आपल्या घरांत मराठी, बाजारात कानडी, गुजराती नाहीतर हिंदी. वाचा गेलेल्या अशा माणसाची एखादे वेळी एक भाषा आधी परतते, दुसरी मागून. जी येईल तिच्यात बोलावे, सावकाश, छोट्या वाक्यांत. आणि त्याच्यासमोर त्याच्याविषयी तो नसल्यासारखे बोलू नये. तो ऐकत असतो.