कल्हईचे कथील आणि गलबताचा रंग

कथिलाची काही संयुगे अत्यंत विषारी असतात, एवढीच गोष्ट ज्याच्या कानी पडते, त्याच्या मनात घरच्या पितळी पातेल्याच्या कल्हईविषयी शंका आली तर नवल नाही. परंतु तापल्या भांड्यात नवसागर भुरभुरून कापसाच्या बोळ्याने पसरलेले ते चकचकीत कथील शुद्ध असेल, तर ते शरीरात अत्यल्प शोषले जाते, आणि आंबट पदार्थाला तांब्यापितळेचा स्पर्श होऊ न देण्याचे काम मात्र चोख बजावते. भीती बाळगायचीच असेल तर ती कथिलात भेसळ केलेल्या शिशाची बाळगावी.

विष उपजते ते कथिलाच्या अणूला कार्बनी गट थेट जोडले गेल्यावर. एक वा दोन गटांची संयुगे पीव्हीसीला टिकाऊपणा आणण्यासाठी वापरतात, आणि तीही निखालस निर्दोष नव्हेत. तीन गट जोडले गेले म्हणजे मात्र पदार्थाची प्रकृतीच पालटते. फ्रान्समध्ये 1954 साली गळवांवरील ‘स्टालिनॉन’ नावाच्या औषधात ट्रायएथिलटिनची अशुद्धी राहिल्यामुळे मेंदूला सूज येऊन सुमारे शंभर माणसे दगावली.

दुसरा समज असा, की जहाजाच्या बुडाला लावायच्या रंगातील ट्रायब्युटिलटिन हे तीन गटांचे कथिलाचे संयुग केवळ तेथे चिकटणारे शेवाळ व शंखशिंपले मारते. तो रंग पाण्यात हळूहळू झिरपावा अशीच त्याची योजना असल्यामुळे, बुडापाशीच थांबणे त्याच्या स्वभावात नाही. फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात कालवांची कवचे जाड व वेडीवाकडी होऊन पैदास बसली, तेव्हा 1982 साली लहान नौकांवर या रंगास मनाई करावी लागली. अटलांटिक किनाऱ्यावरील एका समुद्री गोगलगायीच्या मादीला तर, लिटरभर पाण्यात हे संयुग ग्रॅमच्या अब्जांश भागाइतके असले तरी, नराची इंद्रिये फुटू लागतात. वाढ अधिक झाली म्हणजे अंडी बाहेर पडण्याची वाटच बुजते आणि मादी वांझ होते.

तिसरा समज आम्हां पनवेलकरांना अधिक जवळचा आहे: बंदी आली, म्हणजे विष गेले. या रंगावरील बंदीचा आंतरराष्ट्रीय करार 2001 साली झाला, 17 सप्टेंबर 2008 पासून त्याचा अंमल सुरू झाला, आणि भारत 2015 साली त्यात सामील झाला, हे खरे. उघड्या पाण्यात हे संयुग काही दिवसांत वा आठवड्यांत विघटन पावते, हेही खरे. परंतु प्राणवायू न पोचणाऱ्या काळ्या गाळात ते वर्षानुवर्षे टिकते. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना पश्चिम किनाऱ्याच्या पाण्यात, गाळात व प्राण्यांत ब्युटिलटिन आढळलेले आहे. पनवेलची खाडी ज्या मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते, तेथे पिढ्यान्‌पिढ्या जहाजांची वर्दळ आहे, आणि 1989 पासून न्हावा-शेवा बंदरही चालू आहे. म्हणून गाळ उपसण्यापूर्वी त्याची या संयुगासाठी तपासणी व्हावी, आणि तिचा निष्कर्ष खाडीवर पोट असलेल्या कोळ्यांना दाखवावा, ही मागणी रास्त आहे. करारानेच जुना रंग खरवडून काढण्याऐवजी त्यावर अभेद्य लेप देण्याची मुभा ठेवली होती, म्हणजे तो रंग लेपाखाली अजूनही असू शकतो; तेव्हा जुन्या गलबताचे बूड खरवडताना हातमोजे व तोंडावर योग्य मुखवटा असावा, रंगाचे पापुद्रे ताडपत्रीवर गोळा करावेत, आणि त्यांतला एकही ओहोटीच्या पाण्यात लोटू नये.