हुकूम आणि चहा : कामाच्या ठिकाणच्या संवादाबद्दलचे गैरसमज

कोल्हापूरजवळच्या शिरोलीची फौंड्री असो, मार्केट यार्डातली गुळाची अडत असो नाहीतर जिल्हा परिषदेची कचेरी, कामाच्या ठिकाणी बोलणं दोन वाटांनी चालतं. नोटीस, परिपत्रक, अर्ज, ई-मेल ही औपचारिक वाट. टपरीवरचा चहा, डबा खातानाच्या गप्पा, शिफ्ट सुटल्यावरचा फोन ही अनौपचारिक. या दोन्हींविषयीचे काही समज इतके घट्ट बसले आहेत की त्यांच्यापायी कुणाचे पैसे अडकतात, कुणाची तक्रार दबते. म्हणून ते एकेक करून तपासू.

गैरसमज १ : औपचारिक म्हणजे इंग्रजी, किंवा निदान जड मराठी.

वस्तुस्थिती : कुणी, कुणाला, कोणत्या अधिकारात आणि कधी कळवलं याची नोंद राहिली की संवाद औपचारिक झाला. राज्याच्या कारभारासाठी १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीच ठरवली आहे. कारखान्यांची नियमावली इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायची, हे १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यानेच सांगितलं होतं. भट्टीजवळ बिहार-उत्तर प्रदेशातले कामगार असतील, तर सुरक्षेची सूचना हिंदीतही हवी. हेल काढून बोलल्यानेही म्हणण्याचं महत्त्व कमी होत नाही. ‘सायेब, साचा वला हाय, वतू नगा,’ असं मोल्डर सांगतो तेव्हा तो माणसांचे जीव वाचवत असतो. ओल्या साच्यात वितळलेलं लोखंड पडलं की पाण्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होऊ शकतो. अशी सूचना रजिस्टरमध्ये त्याच्याच शब्दांत उतरली तरी ती पूर्ण औपचारिक असते.

गैरसमज २ : तोंडी शब्द आणि व्हॉट्सॲप कायद्यापुढे टिकत नाही.

वस्तुस्थिती : १८७२ च्या करार कायद्यानुसार बहुतेक करार तोंडीही वैध असतात. अडचण येते ती ते सिद्ध करताना. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता दिली. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सॲपवर पीडीएफ करून पाठवलेली नोटीस बजावली गेल्याचं मानलं, कारण ती नुसती पोहोचली नव्हती, उघडून पाहिली गेल्याचंही दिसत होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात अशा नोंदी पुरावा म्हणून देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं. तेव्हा ग्रुपवर रागाच्या भरात टाकलेली ओळही उद्या कागद होऊ शकते, आणि ‘माल सोमवारी देतो’ हा मेसेजही.

गैरसमज ३ : कुजबुज म्हणजे निव्वळ अफवा, ती बंद पाडली पाहिजे.

वस्तुस्थिती : अमेरिकन अभ्यासक कीथ डेव्हिस यांनी एका कंपनीतल्या अशा बातम्यांचा माग काढून १९५३ मध्ये निष्कर्ष मांडले. बातमी पुष्कळांना कळत होती, पण ती पुढे सांगणारे मोजकेच होते. कुजबुजीत खोटंही मिसळतं, हे खरं. पण ती फोफावते कुठे? जिथे अधिकृत माहिती उशिरा येते तिथे. दिवाळी तोंडावर आली आणि बोनसबद्दल व्यवस्थापन गप्प असलं, की आकडा टपरीवर ठरतो. गप्पा मारणाऱ्यांना दम देऊन तो थांबत नाही, वेळेवर लावलेल्या नोटिशीने थांबतो. काय कुजबुजलं जातंय याकडे लक्ष देणाऱ्या साहेबाला लोकांची काळजी कशात अडकली आहे, हेही कळतं.

गैरसमज ४ : संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, बाकी ९३ टक्के आवाज आणि देहबोली.

वस्तुस्थिती : व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत हा आकडा हमखास ऐकू येतो. तो अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आला. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून, चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवून, बोलणाऱ्याची भावना ओळखायला सांगितली होती. निष्कर्ष भावनांपुरता आणि आवडी-नावडीपुरता होता. सगळ्या संवादाला तो लागू नाही, असं पुढे मेहराबियन यांनीच स्पष्ट केलं. ऑर्डरचा आकडा, रजेची तारीख, मशीनचं माप ही माहिती शब्दांतूनच जाते.

गैरसमज ५ : लेखी देणं म्हणजे वैर धरणं.

वस्तुस्थिती : ‘आपल्या आपल्यात कागद कशाला?’ हे बहुधा ज्याचा वरचा हात असतो त्यालाच परवडतं. वाद झाला की त्याचा शब्द मानला जातो; हेल्परला, नव्या कारकुनाला, कंत्राटी कामगाराला कागदाचाच आधार. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने हे नेमकं ओळखलं आहे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते, पण एखादीला लिहिता येत नसेल तर तिला ती लिहून द्यायला मदत करणं तक्रार ऐकणाऱ्या समितीवर बंधनकारक आहे.

गैरसमज ६ : परिपत्रक काढलं की काम झालं.

वस्तुस्थिती : याचं उत्तर कोल्हापूरच्याच इतिहासात आहे. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकरीतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. पण नोकरी मिळाली तरी शेजारी बसणारा सहकारी माणसासारखं वागवेलच असं नव्हतं. म्हणून १९१९ मध्ये त्यांनी अधिकाऱ्यांना हुकूम काढला : संस्थानच्या सेवेत आलेल्या अस्पृश्यांना समतेने वागवा, ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्यांना पेन्शन मिळणार नाही.

तरीही महाराज कागदावर थांबले नाहीत. पागेत नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल सहकाऱ्यांनी मारहाण केली होती. महाराजांच्या पाठबळावर त्यांनी शहरात हॉटेल काढलं. महाराज तिथे थांबून उघडपणे चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावत. हुकुमाने हक्क पक्का झाला. चहाने तो खरोखर पाळायचा आहे, हे सगळ्यांना दिसलं.

आपल्या कचेरीत आणि कारखान्यातही दोन्ही वाटा अशाच एकमेकींना धरून चालायला हव्यात. नवा नियम लावाल तेव्हा नोटीस डकवून निघून जाऊ नका. माणसांत जाऊन बसा, शंका ऐका. आणि चहावर पैसा, तारीख, सुरक्षितता किंवा कुणाच्या सन्मानाविषयी काही ठरलं, तर त्याच दिवशी दोन ओळी लिहून समोरच्याला पाठवा. विशेषतः तुमचा हात वरचा असेल, तर त्या ओळी लिहायची जबाबदारी तुमची आहे.