डोळ्यातून निघालेलं अक्षर

दोस्तांनो, कागद-पेन्सिल घ्या आणि एक डोळा काढा. फार सुबक नको. बाहेर एक लांबट गोल, आत एक ठिपका. काढलात? शाब्बास! तुम्ही आत्ता साडेतीन हजार वर्षांहून जुनं अक्षर लिहिलंत. त्याचं नाव आयिन. अरबी भाषेत त्यालाच ऐन म्हणतात. या अक्षराचा एक वंशज तर तुम्ही इंग्रजीच्या वहीत रोज लिहिता. कोणता? ओळखा पाहू! तोवर आपण सिनाईला जाऊन येऊ.

सिनाई हा इजिप्तचा ईशान्येकडचा वाळवंटी, डोंगराळ भाग. तिथे सेराबीत अल-खादिम नावाच्या ठिकाणी पिरोजा या निळ्या-हिरव्या रत्नाच्या खाणी होत्या आणि वर डोंगरावर हाथोर देवीचं देऊळ होतं. इजिप्तच्या राजांची माणसं इथे पिरोजा काढायला येत. त्यांच्याबरोबर कनान देशाचे लोकही असत. कनान म्हणजे आजचं इस्राएल, पॅलेस्टाइन आणि लेबनॉन यांच्या आसपासचा मुलूख. हे लोक सेमिटिक भाषा बोलत. हिब्रू आणि अरबी याच भाषांच्या कुटुंबातल्या.

इजिप्तच्या चित्रलिपीत शेकडो चिन्हं होती. ती शिकायची म्हणजे वर्षानुवर्षांचं काम! कनानी लोकांनी मोठी हुशारी केली. त्यांनी चित्रं घेतली, पण वापरली आपल्या पद्धतीने. अंकलिपीत आपण ‘ग गणपतीचा’ म्हणतो ना? तसंच, फक्त इथे गणपतीचं चित्र हेच ‘ग’ हे अक्षर! घराला ते म्हणत बेत, म्हणून घराचं चित्र म्हणजे ‘ब’. पाण्याला म्हणत मेम, म्हणून पाण्याच्या लाटा म्हणजे ‘म’. आणि डोळ्याला म्हणत आयिन, म्हणून डोळ्याचं चित्र म्हणजे त्या शब्दातला पहिला उच्चार. तीसच्या आत चिन्हं शिकली, की काहीही लिहिता येऊ लागलं.

हे आपल्याला कळलं कसं? 1905 मध्ये फ्लिंडर्स पेट्री या पुरातत्त्वज्ञांनी सेराबीतला उत्खनन केलं. तिथे दगडाचा एक छोटासा स्फिंक्स सापडला. अंग सिंहाचं, तोंड माणसाचं. त्याच्यावर काही अनोळखी चिन्हं कोरलेली होती. पुढे 1916 मध्ये ॲलन गार्डिनर या अभ्यासकांनी त्यातली चार चिन्हं ओळखली: घर, डोळा, बैल हाकायची काठी आणि फुली. प्रत्येकाचा पहिला उच्चार जोडला, तर शब्द झाला ‘बालत’, म्हणजे स्वामिनी, देवी! हाथोरच्या देवळात देवीचंच नाव असणार, नाही का? तो स्फिंक्स आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आता आयिनचा उच्चार. तो मराठीत नाही. ‘क’ म्हणून बघा. जिभेचा मागचा भाग टाळूला टेकतो. आयिन याच्याही खाली, पार घशात तयार होतो. जिभेचं मूळ मागे ओढायचं, घसा आवळायचा, पण आवाज बंद होऊ द्यायचा नाही. दाबून, खोलवरून आलेला ‘अ’ ऐकू येतो. चारदा करून बघा. घरचे विचारतील, काय झालं रे तुला!

पुढे हे अक्षर लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या फिनिशियन लोकांनी वापरलं. त्यांच्या लिपीत 22 अक्षरं होती आणि सगळी व्यंजनं. डोळ्यातला ठिपका गेला, उरला नुसता गोल. हे लोक पट्टीचे दर्यावर्दी व्यापारी. त्यांच्याकडून ग्रीकांनी लिपी घेतली. ग्रीकांच्या भाषेत आयिनचा उच्चारच नव्हता. पण स्वर लिहायला त्यांना अक्षरं हवी होती, म्हणून तो गोल त्यांनी ‘ओ’ या स्वरासाठी ठेवला. ग्रीकांकडून तो इटलीत गेला, रोमनांनी उचलला आणि आपल्या इंग्रजीच्या वहीत आला. ओळखलंत ना? इंग्रजीतला ओ!

पुरावा हवा? मग इंग्रजी मुळाक्षरं म्हणा. एल, एम, एन, ओ, पी. आता फिनिशियन क्रम ऐका: लामेद, मेम, नून, सामेख, आयिन, पे. मधला सामेख गळाला, बाकी रांग जशीच्या तशी! आणखी एक गंमत. जुन्या काळी अक्षरांनीच आकडे लिहीत. हिब्रूत आयिन म्हणजे 70, अरबीच्या जुन्या मोजणीत ऐन म्हणजे 70 आणि ग्रीकांच्या ओचीही किंमत 70.

आयिनची दुसरी वाट गेली अरामी लिपीतून. तिथे गोलाचं तोंड वरून उघडलं. त्यातून हिब्रूचा आयिन आणि अरबीचा ऐन घडले. सुटा ऐन दिसतो तो इंग्रजी 3 आरशात पाहिल्यासारखा. म्हणूनच, ज्या मोबाइलवर अरबी अक्षरं नव्हती त्यावर अरब मुलं ऐनच्या जागी चक्क 3 टाइप करू लागली! ऐनच्या डोक्यावर एक टिंब दिलं की दुसरं अक्षर होतं, गैन. आपल्या ‘गरीब’ शब्दाच्या मूळ अरबी रूपाची सुरुवात या गैननेच होते.

आजच्या इस्राएलमध्ये बहुतेक लोक आयिन लिहितात, पण घशातून उच्चारत नाहीत. येमेनहून आलेल्या ज्यूंच्या परंपरेत मात्र तो उच्चार टिकला. अरबीत तर तो ठणठणीत आहे. आठव्या शतकात बसरा शहरात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, खलील इब्न अहमद नावाचे मोठे भाषापंडित होते. प्रत्येक अक्षर तोंडात कुठे तयार होतं, हे ते आधी ‘अ’ म्हणून आणि पुढे ते अक्षर लावून तपासत. तुम्हीही म्हणा: अक्, अट्, अत्, अप्. जीभ आणि ओठ कुठे काम करतात ते कळेल. घशापासून ओठांपर्यंत त्यांनी अक्षरांची रांग लावली आणि सर्वांत पुढे ऐनला बसवलं. त्यांच्या शब्दकोशाचं नावच पडलं ‘किताब अल-ऐन’. आपली क, च, ट, त, प ही वर्गांची मांडणीही अशीच घशाकडून ओठांकडे येते.

हा ऐन फारसीच्या वाटेने मराठीतही आला, फक्त आपली जीभ त्याला वळली नाही. अर्ज, अक्कल, इमारत या शब्दांच्या सुरुवातीला मुळात ऐन आहे. ‘तालीम’मध्ये तो मधोमध होता, आपण त्याचा ‘आ’ केला. आणि पोवाडा गाणारा आपला शाहीर? मूळ अरबी शब्दात ‘ह’ नाहीच, तिथे ऐन आहे. मराठीने त्या जागी ‘ह’ बसवला.

म्हणजे बघा, एकाच डोळ्याची दोन लेकरं. इंग्रजी ओने गोल आकार जपला, पण उच्चार सोडला. अरबी ऐनने उच्चार जपला, पण आकार सोडला. लिपी कुणा एकाची नसते. ती देणाऱ्याची असते आणि घेऊन बदलणाऱ्याचीही. म्हणून कुठलीही अनोळखी लिपी दिसली, तर तिला वेडीवाकडी म्हणून हसू नका. तिचं एखादं अक्षर वहीत उतरवून घ्या, ते कुठून आलं याचा शोध घ्या आणि सापडलेली गोष्ट आम्हाला नक्की लिहून कळवा.